भुकेची साखर

केळशीच्या भातशेतीत राबणारा, अंगावर मांस नसलेला मजूर साखरेच्या आजाराने पडला की लोक म्हणतात, "याला कुठून झाली साखर?" आम्ही म्हणतो, उत्तर आईच्या ताटात शोधा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी दुबळी; चरबी मात्र त्यामानाने टिकलेली! रक्तातली बरीचशी साखर स्नायूच वापरतात. ते कमी आणि चरबी जास्त असली, की पुढे इन्सुलिन अपुरे पडते. पोटातल्या गर्भाने काटकसर शिकलेली असते. दोष त्याचा नव्हे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू मांडली. १९२९ साली कायदा झाला, तो कारखान्यातील स्त्रियांपुरता. लावणीत वाकलेली गरोदर माय त्याच्या बाहेरच राहिली. तिला विसावा आणि पोटभर सकस अन्न देणे ही दया नव्हे, तो तिचा हक्क आहे. बांधवांनो, गोळीच्या आधी तो मागा!