एका अक्षराने शंभर कोटी पट!

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजीच्या तासाला ‘वाक्य शुद्ध करा’ हा प्रश्न तुम्ही सोडवता. कॅपिटल अक्षर राहिले, पूर्णविराम चुकला, तर अर्धा गुण जातो. पण वाक्याचा अर्थ सहसा कळतो. विज्ञानाच्या वहीत मात्र याच चुकांनी अर्थाचा अनर्थ होतो.

माझ्या एका विद्यार्थ्याने प्रयोगवहीत लेसरची शक्ती १ मिलिवॅट लिहिताना ‘एम’ कॅपिटल काढला. लहान ‘एम’ म्हणजे मिलि, एक हजारांश. कॅपिटल ‘एम’ म्हणजे मेगा, दहा लाख. मुठीत मावणारा तो लेसर कागदावर १० वॅटचे एक लाख दिवे पेटवण्याइतका बलवान झाला! फरक शंभर कोटी पट.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून आपल्याला हा भेद क्षुल्लक वाटतो. पण नियम सोपे आहेत. शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेल्या एककाचे चिन्ह कॅपिटल: वॅटचा ‘डब्ल्यू’, न्यूटनचा ‘एन’, केल्व्हिनचा ‘के’. मीटर, ग्रॅम, सेकंद यांची चिन्हे लहान. किलोचा ‘के’ही लहानच. अपवाद लिटरचा. लहान ‘एल’ इंग्रजी एकच्या अंकासारखा दिसतो, म्हणून वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९७९ साली कॅपिटल ‘एल’लाही मान्यता दिली.

आता विरामचिन्हे. एककाचे चिन्ह हा शब्दाचा संक्षेप नव्हे. म्हणून वाक्य तेथेच संपत नसेल, तर त्यापुढे पूर्णविराम नको. अनेकवचनाचा ‘एस’ही नको, कारण ‘एस’ म्हणजे सेकंद. मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. लहान ‘एम’ आणि ‘एस’ जोडून लिहिले तर मिलिसेकंद. मध्ये जागा सोडली तर मीटर गुणिले सेकंद!

शिक्षक मित्रांना एक विनंती. अशा चुकीवर नुसती लाल रेघ मारू नका. ‘तू लिहिलेस त्याचा अर्थ काय होतो?’ असे विचारा. मी तसे विचारले, तेव्हा तो विद्यार्थी स्वतःच हसला आणि त्याने अक्षर सुधारले.

मित्रांनो, तुम्हीही एक उदाहरण सोडवा. औषधाची गोळी ५ मिलिग्रॅमची आहे. तुम्ही ‘एम’ कॅपिटल काढलात, तर गोळीचे वजन किती? उत्तर: ५ मेगाग्रॅम, म्हणजे ५ टन. गिळून पाहा!