पंगत उठल्याशिवाय जागा होत नाही

ऑगस्ट २०२१मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करायला सुरुवात केली आणि हजारो फोन कार्यालयांत जमा झाले. पोषणाच्या नोंदी भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत होतं ही एक तक्रार, दुसरी खुद्द यंत्राची. २ जीबी रॅमचा तो फोन तापायचा, मध्येच अडकायचा आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या अंगावर पडायचा. बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. कोणतं मूल गावात राहिलं आणि कोणतं टोळीबरोबर गेलं, याचा हिशेब जिथे ठेवायचा तिथे फोन अडकला की कामच अडकतं. अशा फोनवरचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘फोटो डिलीट करा, जागा होईल’. सल्ला खोटा नाही, पण तो अपुरा आहे आणि दोष भलत्याच माणसाच्या माथी मारतो. फोनमध्ये काही जागा कायमच मोकळी असावी लागते. भरल्यावर पुसून ती गरज भागत नाही, याचं कारण चिपच्या घडणीतच आहे.

आपले फोटो आणि ॲप साठतात ते फ्लॅश मेमरीत. वीज नसतानाही इलेक्ट्रॉन तिथे ऑक्साइडच्या पातळ थराआड कोंडलेले राहतात. मात्र या मेमरीत लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं आणि तेही एकेक नोंद नव्हे, अख्खा ब्लॉक एकदम. हरिनाम सप्ताहातली पंगत डोळ्यांपुढे आणा. एकाचं जेवण उरकलं म्हणून त्याच्या जागी लगेच दुसरा बसत नाही. पंगत उठते, पत्रावळी उचलतात, जमीन झाडतात, मग पुढची पंगत. फोनमध्ये त्याहून अवघड प्रकार घडतो. ओळीत तिघे-चौघे अजून जेवत असतील, तर त्यांना भरल्या पत्रावळीसकट दुसऱ्या मोकळ्या ओळीत नेऊन बसवायचं आणि मग ही ओळ झाडायची. मांडवात मोकळी ओळच नसेल तर वाढप्यांची जी तारांबळ उडेल, तीच गच्च भरलेल्या फोनच्या चिपमध्ये चाललेली असते. फोटो काढला की फोन क्षणभर गोठतो, त्यामागे बऱ्याचदा ही हलवाहलव असते.

हा उफराटा कारभार मुद्दाम पत्करलेला आहे. तोशिबातले फुजिओ मासुओका यांची ही कल्पना. आधीच्या मेमरीत एकेक बाइट स्वतंत्रपणे पुसता यायचा, पण त्यासाठी प्रत्येक कप्प्याला दोन ट्रान्झिस्टर लागत आणि चिप महाग पडे. मासुओकांनी ती चैन सोडली. कप्प्याला एकच ट्रान्झिस्टर, आणि पुसायचं तर सगळं एकदम. १९८४मध्ये त्यांनी ही मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७मध्ये तिचा नँड हा प्रकार, जो आज आपल्या खिशात आहे. फोन स्वस्त झाला तो या सौद्यामुळे. मासुओका पुढे तोहोकु विद्यापीठात प्राध्यापक झाले, मोबदल्यासाठी त्यांना जुन्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं आणि २००६मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. ट्रान्झिस्टरच्या जनकांना नोबेल मिळालं. मासुओकांचं नाव मात्र रोज त्यांचीच चिप वापरणाऱ्यांनाही ठाऊक नाही, हे खटकतं.

आता डिलीटकडे वळू. बहुतेक फोनांत पुसलेला फोटो आधी ‘ट्रॅश’मध्ये जातो आणि महिनाभर जागा अडवूनच बसतो. ट्रॅश रिकामी केली तरी ‘ही जागा आता नको’ एवढीच नोंद होते. ती खबर चिपला नियमित देण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१३च्या ४.३ आवृत्तीपासून आली. हे काम चालतं ते फोन निवांत पडलेला असताना, शक्यतो चार्जिंगवर. त्यामुळे भर दुपारी पन्नास फोटो उडवून फोन लगेच पळू लागेल, ही आशा फोल. ‘एका क्लिकमध्ये फोन सुसाट’ म्हणणारी क्लीनर ॲप तर बहुतांशी तात्पुरत्या फायली, म्हणजे कॅशे, उडवतात. ॲप पुन्हा उघडलं की ते सगळं परत लिहिलं जातं, आणि चिपचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. शिवाय ते क्लीनर स्वतःही जागा खातंच.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे लोकांनी ‘गुड मॉर्निंग’ची फुलं पाठवणं थांबवावं. जानेवारी २०१८मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने गूगलच्या संशोधकांचा हवाला देऊन या शुभेच्छांनी फोन भरतात असं छापलं आणि जगभर आपल्या शुभप्रभातांची थट्टा झाली. त्याच बातमीत एक आकडा होता. भारतात दर तिघांतल्या एकाच्या फोनची जागा रोज संपत होती, अमेरिकेत दहांतल्या एकाची. हा फरक नुसत्या फुलांनी पडत नाही. १६ जीबीच्या फोनमध्ये मोठा वाटा अँड्रॉइड आणि आधीच भरलेली ॲप घेतात, उरलेल्यात माणसाने संसार करायचा. फुलांनी जागा जाते हे खरंच, आणि गॅलरीतून पाठवलेल्या फोटोची दुसरी प्रत व्हॉट्सॲप स्वतःच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये ठेवतं तेव्हा दुप्पट जाते. सेटिंगमधल्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये पाच एमबीहून मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या दिसतात. पुसायचंच तर तिथून सुरुवात करावी, कारण एक लांबलचक व्हिडिओ शेकडो फुलांना भारी पडतो.

दुसरा आक्षेप क्लाउडचा. सगळं वर ठेवा, फोन हलका राहील. पण गूगलने १ जून २०२१पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली. आता १५ जीबीत मेलपासून फोटोपर्यंत सगळं बसवायचं. शिवाय वर चढवायला रेंज लागते, आणि बालाघाटच्या डोंगरकुशीतल्या वस्तीवर ती मागेल तेव्हा मिळतेच असं नाही. पीकविम्याच्या केंद्रीय नियमांत नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते आणि ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. त्या वेळी ‘स्टोरेज फुल’ झळकलं, तर शेतकऱ्याने आधी कोणता फोटो पुसायचा, लेकीच्या लग्नाचा की सातबाऱ्याचा? जी कामं सरकारने फोनवर नेली, त्यांच्यासाठी फोन घेताना निविदेत रॅमचा आणि डब्यावरच्या जीबीचा आकडा पुरेसा नाही. सक्तीची सगळी ॲप टाकून आणि दोन वर्षांच्या नोंदी भरूनही किती जागा मोकळी उरेल, तो आकडा त्यात लिहिलेला हवा.