बातमी कुणाच्या तोंडची?

निफाड-दिंडोरीची द्राक्षं थंड कंटेनरांत भरून न्हावाशेवाहून युरोपला निघतात, तेव्हा त्यांची नेहमीची वाट तांबड्या समुद्रातून आणि सुएझ कालव्यातून जाते. गाझातल्या युद्धाच्या निमित्ताने नोव्हेंबर २०२३पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी या वाटेवरच्या जहाजांवर हल्ले सुरू केले. बड्या कंपन्यांची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडं चढलं. त्या हंगामात परदेशातलं युद्ध नाशिकच्या बागायतदाराच्या हिशेबाच्या वहीत येऊन बसलं. बातमीवर इतकं अवलंबून असेल, तर ती कुणाच्या तोंडची आहे हे बघायलाच हवं. पत्रकारितेत यासाठी एक सोपा नियम चालतो: सरकारी माहिती किंवा नावाजलेली परदेशी संस्था असली की झालं. माझ्या मते हा नियम अपुरा आहे. बोलणाऱ्याची पत दुय्यम. त्याने सांगितलेली नेमकी ती गोष्ट त्याला दिसू शकत होती का, आणि ती तशी सांगण्यात त्याचं काय साधतं, हे आधी विचारायला हवं.

‘गॅलेक्सी लीडर’चंच उदाहरण घ्या. मोटारी वाहून नेणारं हे जहाज तुर्कस्तानातून गुजरातच्या पिपावाव बंदराकडे येत असताना १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हूथींनी हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. हूथी म्हणाले, जहाज इस्रायली आहे. इस्रायल म्हणालं, आमचं नाही. आता दोन्ही दावे शेजारी-शेजारी छापले की समतोल साधला, असं डेस्कवर वाटू शकतं. वाचकाला मात्र त्यातून काहीच कळत नाही. उत्तर जहाजाच्या कागदपत्रांत होतं. झेंडा बहामाजचा, चालवणारी कंपनी जपानी, आणि मालकी एका इस्रायली उद्योजकाशी संबंधित कंपनीची. म्हणजे दोघांनीही आपल्या सोयीचा तुकडा उचलला होता. जहाज पकडलं गेलं याला खुद्द हूथींनी दाखवलेलं चित्रीकरण पुरेसं होतं. मालकी कुणाची, यासाठी नोंदणीच बघावी लागत होती. एकाच बातमीतल्या दोन वाक्यांना दोन वेगळे साक्षीदार लागतात, ते असे.

महिनाभराने हल्ला आपल्या किनाऱ्याजवळ आला. २३ डिसेंबरला अरबी समुद्रात ‘केम प्लुटो’ या टँकरवर ड्रोन आदळलं. ते इराणमधून सुटलं, असं अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सांगितलं. इराणने इन्कार केला. जहाज मुंबईत आल्यावर भारतीय नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी ते तपासलं. मारा झालेली जागा आणि सापडलेले अवशेष यांवरून हा ड्रोनहल्लाच दिसतो, पण स्फोटकं कोणती आणि किती, हे पुढच्या तपासणीनंतरच कळेल, असं नौदलाचं म्हणणं होतं. या तिघांत नौदलाचं विधान सर्वांत वजनदार ठरतं, आणि त्याचं कारण ते आपलं आहे हे नाही. अवशेष त्यांच्या हातात होते आणि जिथे ठाऊक नव्हतं तिथे ते थांबले होते.

युद्धकाळात पत्रकाराने आपल्या देशाची बाजू घ्यावी, शंका काढत बसू नये, असा आक्षेप यावर येतो. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. पण भारत-पाकिस्तान संघर्षात ८ मे २०२५च्या रात्री भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचं आपल्याकडच्या अनेक वाहिन्यांनी सांगितलं. तसं काही घडलंच नव्हतं. अशा बातम्यांनी शत्रूचं काही बिघडत नाही. आपल्या खऱ्या दाव्यांकडे मात्र जग संशयाने बघू लागतं. उलट टोकाचा मोहही तितकाच घातक. १७ ऑक्टोबर २०२३ला गाझातल्या अल-अहली रुग्णालयातल्या स्फोटाची पहिली बातमी देताना आपण हमासच्या दाव्यावर फार विसंबलो, अशी कबुली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला काही दिवसांनी द्यावी लागली. मोठ्या नावानेही पडताळणीतून सुटका होत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. जिल्ह्याच्या दैनिकाचा वार्ताहर ना येमेनमध्ये, ना तेहरानमध्ये. आलेली एजन्सीची बातमी भाषांतरित करायची, पान वेळेत सोडायचं, यात पडताळणी कुठे बसवणार? अडचण खरी आहे, पण चूक बहुतेकदा इथेच घडते. मूळ बातमीत ‘अमेरिकेच्या म्हणण्यानुसार’ असतं. मथळ्यात जागा कमी म्हणून उपसंपादक ते छाटतो, आणि दाव्याची वस्तुस्थिती होते. ते दोन-तीन शब्द टिकवायला परदेशी वार्ताहर नेमावा लागत नाही. शिवाय वाहतुकीचा परिणाम तपासायला नाशिकमध्येच साक्षीदार आहेत: निर्यातदार, कंटेनरचं बुकिंग करणारे, शीतगृहवाले. तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्र कुणी सोडलं, हे ते सांगू शकणार नाहीत. पण आपला कंटेनर कुठल्या वाटेने गेला आणि किती दिवसांनी पोचला, यावर त्यांच्याइतका भरवशाचा माणूस वॉशिंग्टनमध्येही सापडायचा नाही.