सरळ तारा की तिरप्या?

बालमित्रांनो, तुमच्या सायकलच्या मागच्या चाकाला तारा किती, मोजल्यात कधी? जुन्या काळ्या सायकलीला बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० असतात. मागे ओझं जास्त, म्हणून तारा जास्त! पण आज गंमत आकड्याची नाही, गुंफणीची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी मागचं चाक घेऊन आला. तारा तुटलेल्या. "सर, आता सगळ्या सरळ टाकून घेतो, सूर्याच्या किरणांसारख्या. भारी दिसतील!" हा पठ्ठ्या रोज धाकट्या बहिणीला कॅरियरवर बसवून शाळेत नेतो. म्हटलं, थांब बाबा!

बैलगाडीचं चाक आठवा. तुंब्यातून आरे सरळ निघतात. तिथं चालतं, कारण बैल गाडी ओढतात आणि चाक नुसतं फिरतं. सायकलीत मात्र चैन हबला फिरवते आणि हबनं रिमला फिरवायचं असतं. मध्ये फक्त बारीक तारा! राजूर घाटाच्या चढावर उभं राहून पायडल मारताना त्यांच्यावर केवढा ताण येत असेल?

घरी करून पाहा. बांगडीच्या मधोमध रिकामं रिळ चार सरळ दोऱ्यांनी ताणून बांधा. मित्राला बांगडी हलकेच धरायला सांगा आणि रिळ पिळा. आधी रिळ एकटंच थोडं फिरतं, बांगडी मागून हलते. आता दोरे रिळाच्या कडेला चाटून तिरपे बांधा, निम्मे एका दिशेला, निम्मे दुसऱ्या. रिळ फिरलं की बांगडीही लगेच फिरते!

ही युक्ती इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी ओळखली आणि १८७४ साली तिरप्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. पायडल मारलं की निम्म्या तारा आणखी ताणतात, निम्म्या किंचित सैलावतात. ब्रेक मागच्या हबमध्ये असेल, तर तो दाबल्यावर उलटं होतं. म्हणून दोन्ही दिशांच्या तारा हव्यात.

मिस्त्रीकाकांनी त्याचं चाक तिरपंच गुंफलं, आऊट काढला आणि म्हणाले, "दिसण्यापेक्षा बहीण महत्त्वाची!"

रविवारी तुमची सायकल उलटी करा. एक तार हबपासून रिमपर्यंत बोटानं धरा. त्याच बाजूच्या किती तारांना ती ओलांडते? बहुधा तीन किंवा चार. मग प्रत्येक तार हळूच छेडा. एखादी टणटणण्याऐवजी भद्द वाजली, तर ती सैल आहे. लगेच मिस्त्रीकाकांकडे जा बरं!