खोटी ओरड आणि उशिराची जाग

एकाच यंत्रातून निघालेले सुटे भाग कधी तंतोतंत सारखे नसतात. मग यंत्र खरोखरच बिघडले, हे ओळखावे कसे? उगाच ओरड केली तर काम खोळंबते. गप्प बसावे तर खराब मालाचा ढीग साचतो.

टेलिफोनची सामग्री बनविणाऱ्या अमेरिकन कारखान्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली एक तक्ता सुचविला. मोजमाप सरासरीपासून तीन प्रमाण-विचलनांपलीकडे गेले की इशारा! यंत्र ठीक असता खोटा इशारा सुमारे ३७० मोजमापांत एकदा मिळतो. परंतु सरासरी एकाच विचलनाने सरकली, तर ते कळावयास ४४ मोजमापे लागतात. कारण तक्ता मागचे ध्यानात ठेवीत नाही.

१९५४ मध्ये इंग्लंडच्या ई. एस. पेज यांनी बेरीज साठविण्याची युक्ती काढली. मोजमापातून सरासरी व आणखी अर्धे विचलन वजा करावे, बाकी मागील बेरजेत मिळवावी; बेरीज शून्याखाली गेल्यास शून्यच धरावी. ती पाच विचलनांपलीकडे गेली की घंटा! घसरणीसाठी अशीच दुसरी बेरीज ठेवावी. आम्ही कलाशाखेचे, तरी हे गणित आम्हांस बोटांवर साधले. आता तोच बदल दहाअकरा मोजमापांतच उघड होतो, आणि खोटी ओरड सुमारे ४६५ मोजमापांत एकदा.

लंडनचे शल्यचिकित्सक मार्क द लेव्हाल यांनी नवजात बालकांवरील आपल्याच १०४ हृदयशस्त्रक्रिया या रीतीने तपासून १९९४ मध्ये प्रसिद्ध केल्या. मध्यंतरी मृत्यू वाढताच ते दुसऱ्या शल्यचिकित्सकाकडे पुन्हा शिकावयास गेले होते.