पहिलटकरणीचा रक्तदाब : एका कारणाचा शोध

सातव्या-आठव्या महिन्यात चेहऱ्यावर, हातापायांवर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आणि वेळीच लक्ष गेले नाही तर झटके येतात. पूर्वी याला कुणी फेफरे म्हणे, कुणी बाहेरची बाधा. आज रक्तदाबाचे यंत्र घराघरांत पोचले आहे, तरी पहिला सवाल बाईलाच केला जातो : मीठ जास्त खाल्लेस का? कसली काळजी करत होतीस? या सवालामागचे गृहीतक कितपत खरे, हे पाहायचे तर आजाराच्या कारणाचा शोध कोणत्या वाटेने गेला ते समजून घ्यावे लागते.

या झटक्यांचे वैद्यकीय नाव 'एक्लॅम्प्शिया'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अचानक चमकून उठणे. 1843 मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील जॉन लिव्हर यांना अशा स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन आढळले. 1896 मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन दिले. मग लक्षात आले, की झटक्यांच्या आधी रक्तदाब चढलेला असतो. ही आधीची अवस्था म्हणजे 'प्रीएक्लॅम्प्शिया'. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक आणि सोबत लघवीत प्रथिने, किंवा यकृत, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांवर ताण, अशी तिची आजची व्याख्या आहे.

ओळख पटली, पण कारण सापडेना. रक्तात कसले तरी विष भिनते, असे मानून या आजाराला दीर्घकाळ 'टॉक्सिमिया' म्हटले गेले. विष मात्र कुणाला दाखवता आले नाही. तर्क इतके झाले, की जर्मन वैद्यकात याला 'सिद्धांतांचा आजार' असे नावच पडले. 1983 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी चक्क एका जंताला कारण ठरवले. पुढे तो जंत नसून तपासणीत शिरलेला बाहेरचा कचरा असल्याचे निष्पन्न झाले.

खरा धागा बाळंतपणातच होता. वार पडली की आजार ओसरू लागतो. आणि क्वचित गर्भ न धरता नुसती वारच द्राक्षांच्या घडासारखी वाढते, तेव्हाही हा आजार होऊ शकतो. म्हणजे मूळ बाळात नव्हे, वारेत. बेल्जियमचे इव्हो ब्रोसेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी 1972 पर्यंत वारेखालच्या रक्तवाहिन्या तपासून दाखवले, की एरवी गर्भारपणाच्या पूर्वार्धात गर्भाशयातल्या नागमोडी धमन्या रुंद, सैल होतात. या स्त्रियांत त्या अरुंदच राहतात. अरुंद पाटातून शेताला पाणी कमी पडावे, तसे वारेला रक्त अपुरे मिळते.

पण गर्भाशयातल्या अडचणीने सगळ्या शरीराचा दाब का चढावा? 2003 मध्ये बोस्टनमधील भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमंची आणि सहकाऱ्यांनी उत्तराचा मोठा भाग दिला. अडचणीतली वार एक प्रथिन जादा प्रमाणात आईच्या रक्तात सोडते. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी ठेवणारे घटक ते अडवून धरते. उंदरांना ते दिल्यावर त्यांचा रक्तदाब वाढला आणि लघवीत प्रथिने आली. लक्षणे दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधी ते रक्तात वाढू लागते, हे 2004 मध्ये दिसले. जुन्यांची 'विषा'ची कल्पना अगदीच पोकळ नव्हती; फक्त ते बाहेरून आलेले नव्हते.

2017 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. या प्रथिनाच्या जनुकाजवळचे, धोका वाढवणारे फरक बाळाच्या जनुकसंचात सापडले. बाळाचा निम्मा जनुकसंच बापाकडून येतो. तरीही बोट एकट्या आईकडे दाखवले जाते.

प्रतिबंधाचे उपायही याच दिशेचे आहेत. धोका जास्त असलेल्या स्त्रियांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून रोज 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर, मुदतीआधी होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्शियाचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले, हे 2017 च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. अर्थात ते कुणाला द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आहारात कॅल्शियम कमी असेल तर ते दिल्याने फायदा होतो. भारत आणि टांझानियातील पहिलटकरणींवरच्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत 500 मिलिग्रॅमचा डोस 1500 इतकाच उपयोगी ठरला. मीठ तोडणे किंवा घरी पडून राहणे हा आजार टाळण्याचा उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही.

काही धमन्या रुंद का होत नाहीत, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, लठ्ठपणा, जुळी, पहिलेच बाळंतपण यांनी धोका वाढतो. पण यांपैकी काहीही नसलेल्या बाईलाही तो गाठतो. त्याचा पाया पहिल्या काही महिन्यांतच, कसलाही त्रास जाणवण्याआधी घातला जातो. तेव्हा 'तू काय केलेस?' या सवालाला अर्थ उरत नाही. त्याऐवजी दर भेटीला रक्तदाब आणि लघवी तपासली का, हे विचारावे. आणि बाळंतपणानंतरही हा इतिहास विसरू नये : अशा स्त्रीला पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. चाळिशीत डॉक्टरांकडे जाताना तिने तो आवर्जून सांगावा.