एपीएमसीत चहा-रसवंती : परवानगी कशी मागावी?



आपल्यापैकी काहींची मुलं, भाऊबंद नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटात कामाला आहेत. तिथे चहा-नाश्ता नि उसाचा रस पुरवावा काय, असे कोणी कोणी विचारतात. धंदा चांगला, पण "आमचा रस गोड" एवढ्यावर जागा मिळत नसते.

आधी कामाची वेळ बघावी. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला, धान्य असे तिथे पाच बाजार. भाजीच्या गाड्या रात्रीच लागतात, माथाडी पहाटे ओझी वाहतात. दहा वाजता दुकान उघडून उपयोग काय?

मग बाजार समितीकडे लेखी अर्ज करावा. गिऱ्हाईक किती, जागा किती फूट, दर काय, चोथा नि कप कोण उचलणार, हे स्पष्ट लिहावे. अन्नसुरक्षा नोंदणी जोडावी. पंधरा दिवस चालवून दाखवण्याची तयारी ठेवावी.

रस काढला की लगेच द्यावा. ठेवला तर काळा पडतो, आंबतो. यंत्र रोज धुवावे, बर्फ पिण्याच्या पाण्याचाच घ्यावा.

आणि परवानगी हाती येण्याआधी कर्ज काढून यंत्र घेऊ नका.

ऊस वेळेवर आला नाही तर गाळप अडते. पहाटेचा चहा चुकला तर गिऱ्हाईक तुटते.

– ऊस विकास अधिकारी